स्टोन नाही, मग पित्ताशय काढायचं कशाला?

वाचकाचं पत्र, ओळख कळेल असं सगळं काढून, थोडक्यात:

बाबा ६२ वर्षांचे, डायबेटिस आहे. तीन महिन्यांपूर्वी कोविड झाला आणि खूपच बिघडला. २३ दिवस हॉस्पिटल, त्यातले ११ दिवस व्हेंटिलेटर. घरी आले तेव्हा १४ किलो वजन उतरलेलं. जरा सावरतायत तोवर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं, उलट्या, संध्याकाळी कणकण. आम्ही दहा दिवस पित्ताच्या गोळ्या देत बसलो. मग सोनोग्राफी केली तर पित्ताशयाची भिंत जाड, आत गाळ, बाजूला थोडं पाणी, पण स्टोन नाही. चार दिवस अ‍ॅडमिट करून अँटिबायोटिक दिली, बरं वाटलं. आता तीन आठवड्यांनी परत तेच. सर्जन म्हणतात पित्ताशय काढा. भाऊ म्हणतो स्टोनच नाही तर कशाला, काका म्हणतात ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाच्या रसाने साफ होतं, आई म्हणते हे सगळं त्या स्टिरॉइडमुळे झालं, आणि तेव्हा सगळ्या कागदांवर सह्या मी केल्या होत्या. बाबांना ऑपरेशनचं सांगितलेलंच नाही, रिपोर्ट कपाटात ठेवलाय, कारण हॉस्पिटलचं नाव काढलं तरी त्यांचे हात थरथरतात. काय करू?

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी दोन ओळी पाठवल्या होत्या की छापील उत्तराची वाट बघू नका, ताप परत आलाय तर आजच दाखवा. तुम्ही दाखवलंत, अँटिबायोटिक पुन्हा सुरू झालं, सर्जनने काही दिवस दिलेत पण ‘लांबवू नका’ असंही सांगितलंय, हे तुमच्या दुसऱ्या मेलमधून कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणून आता जरा सविस्तर लिहिते, तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या ज्या बऱ्याच जणांची मला पत्रं येतात त्यांच्यासाठी पण. मी डॉक्टर नाही. सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून २६ वर्षं काढलीत, त्यामुळे औषध कुठलं आणि किती ते मी सांगणार नाही, पण पलंगाशेजारी उभं राहून जे बघितलंय ते सांगेन.

पहिलं म्हणजे ते दहा दिवस. तुम्ही त्याबद्दल स्वतःला खूप बोल लावलाय पत्रात. पण बघा, आपल्या भाषेतच घोळ आहे. आपण आंबट ढेकर आली, छातीत जळजळलं की ‘पित्त झालं’ म्हणतो, आणि ते असतं जठरातलं अ‍ॅसिड. खरं पित्त वेगळं, ते लिव्हर तयार करतं आणि पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं. त्यामुळे पित्ताशयाचं दुखणं सुरू झालं की घरातलं कुणीतरी ‘पित्त वाढलंय’ म्हणतं, शब्द बरोबरच वाटतो, आणि गोळी मात्र अ‍ॅसिडिटीची दिली जाते. मी हे इतक्या घरांत झालेलं ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. अ‍ॅसिडिटीत जळजळ असते आणि ती बहुतेक मधोमध, छातीच्या हाडाखाली. हे दुखणं उजव्या बरगडीखाली धरून राहतं, कधी पाठीत, कधी उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जातं, आणि त्याच्याबरोबर ताप. अ‍ॅसिडिटीने ताप येत नाही. एवढं एक लक्षात राहिलं तरी पुढच्या कुणाचे तरी दहा दिवस वाचतील.

आता तुमच्या भावाचा प्रश्न, कारण सगळं घर तिथेच अडलंय. स्टोनच नाही तर काढायचं कशाला. ह्याच्यामागे एक समजूत आहे की पित्ताशयाला त्रास देणारी गोष्ट म्हणजे स्टोन, तो नसेल तर पित्ताशय ठीकच असणार. एरवी पित्ताशयाला सूज येते तेव्हा बहुतेक वेळा स्टोनच कारण असतो हे खरंय. पण १०० पेशंटमधल्या साधारण ५ ते १० जणांना स्टोन नसतानाही सूज येते, आणि हे बहुतेक कोण असतात, तर खूप आजारी पडून आयसीयूत राहिलेले लोक. मोठं ऑपरेशन झालेले, भाजलेले, अंगभर इन्फेक्शन पसरलेले, आणि कोविडने व्हेंटिलेटरवर गेलेले. स्टोन नसलेली सूज सौम्य असते असं भावाला वाटतंय, पण वॉर्डात आम्हाला ह्याच पेशंटची जास्त धास्ती असायची, कारण ह्यांच्यात भिंत सडायला आणि फुटायला वेळ कमी लागतो.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे भावालाही सांगता येईल. पित्ताशयात साधारण ३० ते ५० मिली पित्त मावतं. आपण जेवलो की विशेषतः स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की एक हार्मोन सुटतं आणि पिशवी आवळून पित्त बाहेर ढकलते. जेवणच नाही तर आवळणं नाही. बाबा ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते, त्यातले किती दिवस पोटात काही जात नव्हतं ते डिस्चार्ज कार्डावर बघा, पण तेवढा काळ पित्त आत साचून घट्ट होत गेलं, तोच हा गाळ. झोपेची आणि वेदनेची जी औषधं सतत चालू असतात तीही पित्त पुढे सरकू देत नाहीत. त्यात पित्ताशयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी बहुतेकांत एकच आणि बारीक, बीपी खाली गेलं किंवा बीपी वर ठेवायची औषधं लागली की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, ह्या पिशवीपर्यंत रक्त कमी पोचतं. कोविडमध्ये बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात ते वेगळंच. शिवाय हा व्हायरस ज्या एसीई२ नावाच्या जागेला चिकटून पेशीत शिरतो ती जागा पित्ताशयाच्या आणि पित्तनलिकांच्या अस्तरातही असते. म्हणजे स्टोन नसतानाही भिंतीला मार बसायला कारणं भरपूर. वर १४ किलो वजन झपाट्याने उतरलं, त्यानेही गाळ होतो, आणि गाळातून पुढे स्टोनसुद्धा.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर एक प्रत्यक्ष घडलेलं सांगते. २०२१ च्या जून ते ऑगस्टमध्ये दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलमध्ये असे पाच पेशंट आले, वयं ३७ ते ७५, सगळे कोविडमधून बरे झालेले, स्टोन कुणालाच नव्हता, आणि पाचही जणांना पित्ताशयाचं गँगरीन, म्हणजे भिंत मरून सडायला लागलेली. ताप, उजवीकडे वर पोटात दुखणं, उलट्या. दोघांना डायबेटिस होता, तिघांना कोविडमध्ये स्टिरॉइड दिलेलं होतं. कोविड आणि हे दुखणं यात साधारण दोन महिन्यांचं अंतर होतं. तुमच्या बाबांची गोष्ट ह्याच्याशी किती जुळते बघा. पाचही जणांचं पित्ताशय लॅप्रोस्कोपीने, म्हणजे छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने, काढलं. हे घाबरवायला सांगत नाहीये, ‘कोविड तर कधीच संपला, आता त्याचा काय संबंध’ असं तुमच्या घरात कुणी म्हणत असेल तर त्याच्यासाठी सांगतेय.

पण दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर मी सर्जनची वकील वाटेन. सोनोग्राफीत भिंत जाड दिसली म्हणजे दरवेळी पित्ताशय खराबच असतं असं नाही. साधारण ३ मिलीमीटरच्या वर गेली की जाड म्हणतात, पण रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी असेल, हार्ट किंवा लिव्हरचा त्रास असेल, तरी भिंत सुजलेली दिसते, आणि आजारातून उठलेल्या माणसाचं अल्ब्युमिन बऱ्याचदा कमीच असतं. काही खाऊन सोनोग्राफीला गेलं तर पिशवी आकसलेली असते, तेव्हाही जाड दिसते, म्हणून सहा-आठ तास उपाशी राहूनच करायची. आणि गाळाचं म्हणाल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नावाचं एक अँटिबायोटिक आहे, आयसीयूत खूप वापरतात, ते स्वतःच पित्ताशयात साचून गाळासारखं दिसतं आणि औषध बंद झालं की बहुतेकांचं आपोआप जातं. तेव्हा नुसता गाळ दिसलाय, दुखत नाही, ताप नाही, असा कुणी हे वाचत असेल तर लगेच ऑपरेशनला धावायचं कारण नाही, काही आठवड्यांनी परत सोनोग्राफी करून बघता येतं. तुमच्या बाबांचं तसं नाहीये ना ताई. जाड भिंत, बाजूला पाणी, दुखणं, ताप, आणि एकदा औषधाने बसून परत उठलेलं. एवढं सगळं एकत्र आलं की वाट बघण्याची बाजू फार हलकी होते.

आणि ‘ताप थोडाच आहे, दुखणं सहन होतंय’ ह्यावर अजिबात विसंबू नका. डायबेटिसमध्ये पोटातली वेदना दबलेली राहते, आणि स्टिरॉइड चालू असेल तर ताप आणि दुखणं दोन्ही झाकलं जातं. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, स्वतःहून कधी दुखतंय म्हणाले नाहीत, फक्त जेवण नको म्हणायचे. राउंडला सर्जनने उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून मोठा श्वास घ्यायला सांगितला, आणि अर्ध्यातच त्यांचा श्वास तुटला, डोळे एकदम मोठे झाले आणि हात सर्जनच्या मनगटावर गेला. तोंडाने मात्र तेव्हाही ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाले. त्यांचं पित्ताशय दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हा एका बाजूला काळं पडलेलं होतं. तेव्हापासून बरं आहे म्हणणाऱ्या पेशंटच्या तोंडापेक्षा मी त्याच्या श्वासाकडे बघायला लागले.

मग पर्याय काय आहेत. एक म्हणजे पित्ताशय काढणं, शक्यतो लॅप्रोस्कोपीने, तीन-चार छोटी छिद्रं. सूज आणि चिकटलेपण जास्त असेल तर मधेच ओपन करावं लागतं, ते आधी विचारून ठेवा म्हणजे तेव्हा धक्का बसत नाही, सर्जन चुकला म्हणून ओपन केलं असं नसतं, ती सुरक्षितता असते. दुसरा पर्याय, बाबांची छाती अजून भूल सोसण्यासारखी नसेल तर त्वचेतून एक नळी पित्ताशयात घालून साचलेलं बाहेर काढतात, सोनोग्राफीवर बघत, तेवढीच जागा बधीर करून. पूर्ण भूल लागत नाही. नळीला पिशवी लावतात, पहिल्या दिवशी त्यात उतरतं ते काळपट, इंजिन ऑइलसारखं, मग दोन-चार दिवसांत हिरवट पिवळं पातळ होत जातं आणि ते बघून आम्हाला बरं वाटायचं. पण नळी काही आठवडे ठेवावी लागते, कूस बदलताना ओढली जाते, म्हणून कपड्याला सेफ्टी पिनने अडकवून ठेवायची, आणि पुढे पित्ताशयाचं काय करायचं हा प्रश्न बऱ्याचदा उरतोच. तिसरा, अँटिबायोटिकवर आणखी बघत राहणं. ते एकदा करून झालंय तुमचं.

कोविडनंतर किती दिवसांनी ऑपरेशन करावं ह्याची भीती तुम्ही लिहिलीय. २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांहून जास्त पेशंटचा एक अभ्यास आला, त्यात कोविडनंतर ७ आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर धोका जास्त, नंतर तो उतरतो असं दिसलं, ज्यांना दम वगैरे लक्षणं उरलीत त्यांच्यात मात्र नंतरही थोडा जास्त. तुमचे तीन महिने झालेत. त्यामुळे आता दिवस मोजण्यापेक्षा बाबांना जिना चढताना दम लागतो का, झोपलेलं असताना ऑक्सिजन किती राहतो, हे भूलतज्ज्ञांना सांगा. आणि हो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, स्टिरॉइड शेवटचं कधी आणि किती दिवस घेतलं, हे लिहून न्या. यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका, ऑपरेशन आहे म्हणून सुद्धा नाही, ते कधी थांबवायचं ते तेच सांगतील.

सर्जनना विचारायचे प्रश्न कागदावर लिहा, तिथे गेल्यावर सुचत नाही. हे तातडीचं आहे की ठरवून करायचं, आणि थांबलो तर कुठल्या लक्षणाला रात्री-अपरात्री पळत यायचं. सीटी किंवा हिडा स्कॅनने (पित्त पित्ताशयात शिरतंय का ते दाखवणारा स्कॅन) काही जास्त कळेल का. पित्तनलिका बघितल्या का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण खूप दिवस आयसीयूत राहिलेल्या काही कोविड पेशंटच्या पित्तनलिकाच खराब होतात आणि ते काही महिन्यांनी दिसतं, कावीळ, अंगाला खाज, रक्ताच्या लिव्हर तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं. ते पित्ताशय काढून बरं होत नाही, त्याला एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, आणि लिव्हरचे डॉक्टर लागतात. म्हणून लिव्हरच्या तपासण्या आणि नलिका बघूनच पुढे जाणं चांगलं. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण दोन दिवसांत घ्या.

काकांचं ऑलिव्ह ऑइल. काकांना बाबांचं वाईट व्हावं असं थोडंच वाटतंय, पण हे करू देऊ नका. एवढं तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोरात आवळतं, आणि सुजलेली, कमजोर भिंत आवळायला लावणं धोक्याचं आहे. नंतर संडासला जे हिरवे मऊ गोळे पडतात आणि लोक ‘बघा स्टोन पडले’ म्हणून फोटो दाखवतात, ते तपासले तेव्हा तेल आणि लिंबाच्या रसापासून पोटातच झालेले साबणासारखे गोळे निघालेत. आणि बाबांना तर स्टोन नाहीच, मग पाडायचं काय.

पित्ताशय नसेल तर पचन कसं होणार ही आईंची काळजी. पित्त लिव्हर करतं, ते करतच राहतं, फक्त साठवायची पिशवी नसते म्हणून थोडं थोडं सतत आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीचे काही आठवडे पातळ होतं, तेलकट एकदम जास्त खाल्लं की त्रास होतो, बहुतेकांचं हळूहळू बसतं. काढलेलं पित्ताशय बायोप्सीला पाठवतात, तो रिपोर्ट मागून घ्या.

आता त्या सह्यांचं. मी हे वाक्य तुमच्या पत्रात तीन वेळा वाचलं. ताई, जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी नावाच्या कोविड औषधांच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले, त्यात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये डेक्सामेथासोन ह्या स्टिरॉइडने मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. ते औषध बाबांसारख्याच पेशंटसाठी होतं. स्टिरॉइडने साखर वाढते, लक्षणं झाकली जातात, इन्फेक्शनला वाव मिळतो, सगळं खरं, आणि पित्ताशयाच्या ह्या त्रासात त्याचा थोडा हात असेलही. पण आईंना जेव्हा ‘स्टिरॉइडमुळे झालं’ असं वाटतं तेव्हा त्या बाबा आज समोर बसलेत हे धरूनच बोलतायत, आणि ते बसलेत त्यात त्या सह्यांचा वाटा आहे. ११ दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाच्या बाबतीत औषध दिलं नसतं तर काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही तरी स्वतःला विचारा.

आणि सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते बाबांबद्दल. तुम्ही सगळे मिळून बाबांचं ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवताय, आणि बाबांना माहीतच नाही. त्यांना जपायचंय म्हणून, हे कळतं मला. पण ते शुद्धीत आहेत, समजून घेऊ शकतात, सही त्यांचीच लागणार आहे. आणि माझा अनुभव असा की पेशंटला कळत नाही असं घरच्यांना वाटतं तेव्हा त्याला अर्धवट कळलेलं असतं, आणि अर्धवट कळलेलं हे पूर्ण कळलेल्यापेक्षा जास्त भीतीदायक असतं. दार लावून बोलणं चाललंय, सगळे एकदम गप्प होतात, तो मनात काहीतरी भयंकर जुळवून बसलेला असतो.

हात थरथरतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून विचारते, व्हेंटिलेटरवर त्यांचे हात बांधलेले होते का? पेशंट अर्धवट शुद्धीत नळी ओढून काढतो म्हणून बऱ्याच वेळा मऊ पट्ट्याने मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधतात. बांधताना मला नेहमी वाईट वाटायचं, आणि बरे झालेले पेशंट भेटायला आले की बाकी काही आठवत नसलं तरी तेवढं सांगायचे, सिस्टर, मला वाटलं मला कुणीतरी पकडून ठेवलंय. तुमचे बाबा ज्याला घाबरतायत ते कदाचित ऑपरेशन नसेल, तोंडातली नळी, बांधलेले हात आणि घरचं कुणी नसणं असेल. ते त्यांनाच विचारा. आणि मग सांगा की ह्या वेळी भूल दिल्यावर नळी घालतील, जाग येता येता काढतील, ठीक चाललं तर एक-दोन दिवसांत घरी, आयसीयूत जायची वेळ बहुतेक येत नाही, आणि बाहेर आल्यावर पहिलं तोंड तुमचं दिसेल. हे शेवटचं भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवून घ्या, बाबांच्या भीतीबद्दलही त्यांना स्पष्ट सांगा, ते समजून घेतात आणि त्याप्रमाणे औषधंही बघतात. नंतरही रात्री दचकून उठणं, थरथर चालूच राहिली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आयसीयूतून आलेल्या बऱ्याच जणांना हे होतं आणि त्यावर उपचार आहेत.

ते नको म्हणाले तर? म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. मग सर्जनना त्यांच्यासमोर बसवा आणि न केल्यास काय होऊ शकतं ते सर्जनच्या तोंडून ऐकू द्या, भावाच्या आणि काकांच्या नको.

ज्यांच्या घरी असा कोविडमधून उठलेला माणूस आहे त्यांनी एवढं बघा, आणि ताई तुम्ही सुद्धा, ऑपरेशनचा दिवस येईपर्यंत. थंडी वाजून ताप, डोळे किंवा लघवी पिवळी, उलट्या थांबत नाहीत, पोट कडक झालंय, माणूस गुंगीत बोलतोय, किंवा खूप दुखत होतं आणि अचानक एकदम बरं वाटलं. हे शेवटचं फसवं असतं, पित्ताशय फुटल्यावर आतला ताण जातो म्हणून काही वेळ बरं वाटतं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, आणि जाताना खायला-प्यायला द्यायचं नाही, बरोबर कोविडचं डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचे दोन्ही रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्यायची.

तो रिपोर्ट कपाटातून काढा आज. बाबांना त्यांचा चष्मा द्या, शेजारी बसा, आणि त्यांना स्वतः वाचू द्या. भिंत जाड, गाळ आहे, स्टोन नाही, तिथपर्यंत आले की ते तुम्हाला बहुतेक हेच विचारतील की स्टोन नाही तर मग काढायचं कशाला. आता तुम्हाला सांगता येईल.